सूर्याच्या बाजूने सुरुवात

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, पाठ धरली आहे. चालवून घे.)

तुझं पत्र मिळालं. खालच्या मजल्यावर दंतवैद्य आला, दिवसभर त्याच्या यंत्राची घरघर चालते आणि तुला ती ऐकू येत नाही म्हणून सगळा जिना तुझा हेवा करतो, हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. फोन मात्र तू आता उचलूच नकोस. परवा मी तुला यानाबद्दल विचारलं, तर बरं बरं, दोन घास जास्त खात जा, असं सांगून तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. शिवाय जे विचारायचं आहे त्याचं उत्तर लेखीच हवं आहे.

तू आमच्या ऑफिसात पंचिंगच्या खोलीत होतीस तेव्हा जे यान गेलं, त्याच्यावर मी आज काम करते, हे आपल्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की त्यातली गंमत गेली. तेव्हा तुम्ही अकरा जणी होतात. इंजिनियरांनी हाताने लिहिलेले आकडे कार्डांवर भोकं पाडून तुम्ही यंत्राला कळतील असे करायचात. आता त्या यानावर आम्ही सगळी मिळून चार माणसं. पाच वर्षांसाठी पाठवलेलं यान चव्वेचाळीस वर्षं चाललं आहे आणि इतकं लांब गेलं आहे की आमचा आदेश तिथे पोचायला एकवीस तास लागतात, उत्तर यायला आणखी एकवीस.

सूर्यातून कणांचा एक वारा सतत बाहेर वाहत असतो. तो जिथे थांबतो ती सूर्याची हद्द. त्यापुढे ताऱ्यांमधली पोकळी. यान त्या हद्दीजवळ पोचलं आहे किंवा ती ओलांडून गेलं आहे. कोणतं, ते आम्हाला सांगता येत नाही, आणि तेवढं सांगण्यासाठी तर ते तिथे आहे. हे सांगू शकेल असं एकच उपकरण उरलंय : आठ दिशांना आठ खिडक्या असलेला, कण मोजणारा डबा. त्याचे आकडे तीन वर्षं विचित्र येताहेत. यानावरची वीज संपत चालली आहे, घरातल्या एका दिव्याला लागेल तेवढी वीज या डब्याला ऊब देण्यात जाते, आणि आमचे प्रमुख म्हणतात की बिघडलेल्या डब्याला शेक देत बसायला हा दवाखाना नाही. १८ मार्चला बैठक आहे. ऊब एकदा तोडली की डबा गारठून कायमचा गेला.

आता प्रश्न. या डब्याचा ‘हद्दीचा तक्ता’, म्हणजे आठ खिडक्यांची आठ रकान्यांतली मांडणी, तू पंच केलास. रजिस्टरात तुझी सही आहे. हद्द जवळ आल्यावरच तो वापरायचा होता, म्हणून तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा चालू झाला. यानात काय साठवलंय ते यानाला विचारण्याची सोय त्या काळी ठेवलेली नाही, आणि तुमची कार्डं ऑफिस हललं तेव्हा रद्दीत गेली. तो तक्ता तू कसा पंच केलास, काही आठवतं का? याहून जास्त मी मुद्दाम सांगत नाही. माझ्या मनात एक शंका आहे, पण ती सांगितली तर माझ्या प्रेमापोटी तू तसंच आठवशील, अशी भीती वाटते.

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर तो वाढेल, हे आमिष समज.

तुझी,
भाची


१२ फेब्रुवारी

चि. शंकेखोर हिस,

अ. आ. (पुरले नाहीत तर आणखी मागव, माझ्याकडे साठा आहे.)

गुडघा आहे तिथेच आहे. दंतवैद्य जिन्यात भेटला, तुमचे दात फुकट तपासून देतो, असं कानाशी ओरडून म्हणाला. मी म्हटलं, मोजायलाच फार तर अर्धं मिनिट लागेल, त्यासाठी तू कशाला वर चढतोस. तेव्हापासून तो मला पाहिलं की तोंडावर हात ठेवून हसतो. त्याचेच दोन पुढे आलेत.

तक्ता कसा पंच केला म्हणजे काय? बोटांनी. दिवसाला चारशे कार्डं व्हायची, त्यातलं एकेक आठवायचं तर डोक्यात गोदाम हवं. पण तुमच्या त्या डब्याचे इंजिनियर चांगले आठवतात. ते आमचे डावरेसाहेब. डावरे हे आडनाव नव्हे हो, ते डावखुरे होते म्हणून खोलीने ठेवलेलं नाव. एका नव्या मुलीने रजेच्या अर्जावर ‘माननीय डावरेसाहेब’ लिहिलं आणि त्यांनी निमूट सही केली. शाईच्या पेनाने लिहायचे, आणि डावा हात ओल्या आकड्यांवरून घासायचा. म्हणून ते रकाने उजवीकडून डावीकडे भरत जायचे. परक्या माणसाने त्यांचा कागद धरला तर गोंधळलाच समज. आम्हाला कोणी सांगावं लागत नसे. त्यांच्या डब्याचा कागद आला की आपोआप उजवीकडून सुरुवात.

बाकी तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कागद आला तसा पंच झाला. आमच्या खोलीतून जे गेलं ते कागदाबरहुकूम गेलं.

तू चौघांची कामं एकटी ओढतेस असं तुझ्या अक्षरावरून दिसतं. शेवटच्या परिच्छेदात ओळी खाली उतरल्यात. पाठ शेक. उबेचं एवढं कौतुक करतेस तर थोडी स्वतःलाही दे.

आहे तो लोभ तसाच ठेव, वाढवायला आमिषं नकोत.

तुझी आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण तसंच टाकून मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. रेकॉर्डवाल्याने कुरकुर केली, दुपारी फाइल काढायची नसते म्हणाला. मी म्हटलं, यान दुपारीही चाललेलंच असतं. त्यावर तो म्हणाला, मग अर्धा तास त्याला काय फरक पडतो. शेवटी फाइल दिली.

हद्दीच्या तक्त्याचा कागद डावरेसाहेबांच्या हातचा नाही. अक्षर उजवीकडे कललेलं आहे, कुठे शाई पुसलेली नाही, आणि कोपऱ्यात बारीक ‘नक्कल’ असं लिहून कोणा कारकुनाची सही आहे. रकान्यांना क्रमांक नाहीत. वर फक्त एवढंच : ‘सूर्याच्या बाजूने सुरुवात.’ सुरुवात कोणत्या कडेने, ते नाही. कारकून उजव्या हाताचा, तेव्हा डावीकडून, हे उघड आहे. पण तुला त्या डब्याचे कागद उजवीकडून पंच करायची सवय होती.

मी तुला शंका सांगणार नव्हते. पाच ओळी झाल्या नाहीत तोच सांगून बसले, यावरून माझ्या निश्चयाची किंमत कळते. तर ऐक. सूर्याकडे तोंड असलेल्या खिडकीत कण जास्त यायला हवेत आणि हद्द ओलांडली की एकदम कमी व्हायला हवेत. आमच्याकडे हे सगळं बाहेरच्या खिडकीच्या नावाने घडलेलं दिसतं. मी आठ चिठ्ठ्या करून त्या टेबलावर उलट्या क्रमाने मांडल्या, तर सगळं जागच्या जागी बसलं. यान हद्द ओलांडून गेलं आहे, आत्या! आणि आम्ही त्याला बिघडलेलं म्हणतो आहोत.

प्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, आकडे आपल्याला हवे तसे उलटे लावायचे म्हटले तर ही चहाची किटलीसुद्धा हद्दपार करून दाखवता येईल. अंदाज नको, पुरावा आण. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

तेव्हा तू एवढंच लिहून दे, की तो कागद तू उजवीकडून पंच केलास. तुला संकोच वाटत असेल तर आधीच सांगते : अहवालात तुझं नाव कुठेही येणार नाही. ‘पंचिंग विभागाकडून झालेली चूक’ एवढंच मोघम लिहू. इतक्या वर्षांनी त्याचं कोणाला काय वाटणार?

वाट पाहते. तुझ्या लोभावरच सगळी भिस्त आहे.

तुझी,
भाची


२५ फेब्रुवारी

चि. साहेबीणबाईंस,

आशीर्वाद.

आपल्या ऑफिसचं पत्र पोचलं. अक्षर माझ्या भाचीचं होतं, बोलणं ऑफिसचं.

पंचिंग विभागाकडून चूक झालेली नाही. लेखी हवं होतं ना? हे घ्या लेखी.

वरच्या मजल्यावरचे लोक आम्हाला काय म्हणत, ते तुम्हाला ठाऊक नसेल. भोकं पाडणाऱ्या बायका. काही बिघडलं की वरून पहिला निरोप यायचा, खाली विचारा, बायकांनी काय करून ठेवलंय. इंजिनियरचं गणित चुकलं, पंचिंगची चूक. यंत्रात झुरळ शिरलं, पंचिंगची चूक. पंखा बंद पडला तेव्हाही एकाने तेच म्हणून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांनी तुम्हीही तिथेच येऊन पोचलात. तुमचं यान पुढे गेलं म्हणता, ऑफिस जागेवर दिसतं.

गुडघ्याची चौकशी या पत्रात नव्हती, तरी कळवते. बरा आहे.

लोभ मागून घेण्याची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही.

आत्या


३ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार.

मी तुझी साहेबीण नाही. मला कोणी साहेबीण करणार असतील तर आधी एक धड खुर्ची देतील. जी आहे तिचा एक हात तुटलाय आणि त्याला मी चिकटपट्टी लावली आहे.

मी काय विचारलं होतं? कागद कोणत्या कडेने पंच केलास. तू काय उत्तर दिलंस? पंखा बंद पडला होता. आत्या, मी रोज सकाळी येते, मोठ्या अँटेनाकडून आमच्या वाट्याचे चार तास भांडून घेते, आलेले आकडे उतरवते, आणि प्रमुख माझ्या टेबलाशी थांबून नुसत्या भुवया उंचावतात : आलं का पत्र? मी मान हलवते. रोज. बैठकीला पंधरा दिवस उरले. एका जिवंत उपकरणाला आम्ही हाताने मारणार आहोत, आणि ते जिवंत आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. ते माणूस रुसून बसलं आहे.

सोळाच्या पाढ्यात मी अडखळले की तू मला उभं करायचीस. चुकलं म्हणावं आणि पुढे जावं, म्हणायचीस. मी ते खरं मानलं. स्वतःवर पाळी आली तेव्हा मात्र तुझा मान मोठा झाला. माझ्याकडून नाव झाकायची सगळी तयारी असताना तुला आणखी काय हवं आहे, ते मला समजत नाही.

तारीख १८ आहे.

भाची


५ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन रोजच्या वहीत लिहिलं : आज आत्याला खरमरीत लिहिलं. मग त्याच्या खाली प्रश्न लिहिला : ते आत्याला लिहिलं, की प्रमुखांना उत्तर देता येत नाही म्हणून तिला लिहिलं? काल सकाळी पेटी उघडायच्या वेळेला तिथे जाऊन उभी राहिले. पेटी उघडणारा म्हणाला, बाई, आत पडलं की ते ज्याला लिहिलंय त्याचं, तुमचं नाही. नियमच आहे म्हणे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, घरचं आहे का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग दुसरं टाका, दोन्ही एकदमच पोचतील.

म्हणून हे दुसरं. पाढ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. बाकीचं मागे घ्यावंसं वाटतं, पण ते खरं आहे, आणि खरं मागे घेता येत नाही.

एक मात्र कळलं नाही, आणि ते विचारते. तुझं पहिलं पत्र हसरं होतं, दुसरं दगड. मधे मी एकच पत्र पाठवलं. त्यात असं काय होतं?

लोभ कमी झाला असेल तर तसंही कळव, पण कळव.

तुझी,
भाची


१४ मार्च

चि. शंकेखोर हिस,

अ. आ.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तुझा पेटीवाला शहाणा आहे. आधी रागाचं वाचलं, मग दुसरं, मग चार दिवस दोन्ही उशीखाली.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुझ्या पत्रात ‘पंचिंग विभागाकडून झालेली चूक’ असं होतं. ते वाक्य मी आधी एकदा वाचलंय, नोटिशीच्या फळ्यावर. माझ्या शेजारी एक जण बसायची, अंगाने अशी की आम्ही तिला टाचणी म्हणायचो. यान जायच्या तीन महिने आधी एका इंजिनची चाचणी फसली. इंजिनियरने सातचा आकडा एकसारखा काढला होता, टाचणीने एक पंच केला. कागद समोर होता, कोणीही बघू शकलं असतं. कोणी बघितला नाही. फळ्यावर ते वाक्य लागलं आणि दुपारच्या आत टाचणी घरी. जेवणाचा डबा उघडला होता तो तसाच राहिला. त्या दिवशी आम्ही दहा जणींनी ठरवलं, की आपल्या खोलीची चूक आपण कधीही कबूल करायची नाही, असली तरी. मी ते शेवटपर्यंत पाळलं, आणि तू नेमकं तेच वाक्य मला सवलत म्हणून देऊ केलंस. तुला ठाऊक नव्हतं. पण मला ते कळायला चार दिवस आणि दोन पत्रं लागली.

आता तुझं उत्तर.

हो. तो कागद मी उजवीकडून पंच केला. डावरेसाहेबांच्या मूळ कागदावर शाईची बाटली लवंडली, म्हणून त्यांच्या कारकुनाने रकाने सरळ डावीकडून लावून नक्कल केली होती. मी वर डब्याचं नाव वाचलं आणि बोटांनी आपोआप उजवी कड धरली. अक्षर बघितलंच नाही. डावरेसाहेबांना न ओळखणारी कोणीही असती तर बरोबर केलं असतं. मीच चुकू शकत होते.

एक पंच करणार आणि दुसरी तोच कागद घेऊन पुन्हा पंच करून पडताळणार, असा आमचा नियम. माझं काम टाचणी पडताळायची. तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. घाई होती, मीच पंच केलं आणि मीच पडताळलं. दोन्ही वेळा उजवीकडून. माझी चूक माझ्याशी तंतोतंत जुळली.

महिन्याने कागद फाइलला लावताना अक्षर डोळ्यांत भरलं. यान जाऊन सहा दिवस झाले होते. मी डावरेसाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तो हद्दीचा तक्ता कधी लागणार. ते हसले. म्हणाले, बाई, हद्द चाळीस वर्षांवर आहे आणि आपलं यान पाच वर्षांचं. तो तक्ता हौस म्हणून घातलाय. मी गप्प बसले. पाच वर्षं उलटली, मग दहा, मग वीस. पेपरात यान अजून चालू आहे असं आलं की लोक खूश व्हायचे. मी पान उलटायची. तू त्याच यानावर कामाला लागलीस तेव्हा पेढे वाटायला तुझ्या आईबरोबर मीही दारोदार गेले. हातातला डबा जड लागत होता.

तुझ्या प्रमुखांना तुझ्या आत्याचा शब्द पुरणार नाही, तेव्हा आणखी एक. त्याच दुपारी, त्याच कारकुनाच्या अक्षरातला, त्याच डब्याचा दुसरा कागद मी पंच केला : खिडक्या तपासायच्या दिव्याचा. तोही उलटाच गेला असणार. ते कोणाला माहीत नाही, तुलाही नाही. बघा जुळतं का.

फोन करून हे कालच सांगितलं असतं, मला ऐकू येत नाही तरी बोलता येतं. पण तू लेखीच हवं म्हणालीस, आणि तुझं अजून एक वाक्य मोडायची हिंमत झाली नाही. उद्या सकाळी पहिल्या टपालाने जाईल.

लोभ कमी झाला नव्हता, तोंड फिरवून बसला होता.

तुझी आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. दोनदा त्यात खोटं आलं. एकदा लिहिलं की सगळं वेळेत झालं, एकदा लिहिलं की तुझ्या पत्राने तसाही फरक पडला नसता. दोन्ही फाडली. तू मला खरं लिहिलंस, तेव्हा हे घे.

बैठक १८ला झाली. मी चिठ्ठ्या मांडून दाखवल्या, शांतपणे ऐकून घेतलं गेलं. १९ला संध्याकाळी पाच वाजता आदेश सुटला. तुझं पत्र २०ला सकाळी दहा वाजता माझ्या टेबलावर आलं. आदेश यानाच्या वाटेवर होता, चार तासांचं अंतर उरलं होतं. तो प्रकाशाच्या वेगाने जातो. मागून काहीही पाठवलं तरी त्याच्या मागेच राहणार.

मी पत्र प्रमुखांसमोर ठेवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि दिव्याच्या कागदापाशी आल्यावर खाली बसले. मग यानाची पुस्तिका मागवली. त्यात डब्याच्या प्रकरणात एक ओळ आहे : ‘दिव्याच्या चाचणीचे निकाल उलट क्रमाने वाचावेत. कारण अज्ञात.’ ती ओळ मी शंभरदा वाचली आहे आणि शंभरदा पान उलटलं आहे. एक ओळ, आत्या. मी कारण शोधायला निघाले असते तर तुला छळावंच लागलं नसतं. प्रमुखांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ही ओळ मी लिहिली आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षी. कारण कोणाला विचारायचं ते सुचलं नाही. खाली जाऊन विचारायचं सुचलं नाही, असं त्यांनी पुन्हा म्हटलं.

अकरा वाजता आम्ही ऊब परत सुरू करायचा आदेश पाठवला. पोचेपर्यंत डबा अठरा तास गार पडलेला असणार होता. २२ला उजाडता उत्तर आलं. वीज डब्याकडे वाहते आहे, आठही खिडक्या शून्य. आज तिसरा दिवस, शून्यच. उद्या ऊब पुन्हा बंद करतील आणि या वेळी मी विरोध करणार नाही.

राहिलं ते हे : तीन वर्षांचे सगळे आकडे आम्ही उलटवून मांडले. यानाने गेल्या वर्षी १४ जूनला हद्द ओलांडली. सूर्याकडच्या खिडकीतले कण तीन तासांत जवळजवळ संपले आणि परत आले नाहीत. याबद्दल आता कोणाचा वाद नाही. पण हद्दीपलीकडे काय आहे, ते याच खिडक्यांतून बघायचं होतं. निदान दोन वर्षं बघता आलं असतं.

रागावले आहे का? हो. तुझ्यावर, प्रमुखांवर, टपालावर, आणि सगळ्यांत जास्त त्या वाक्यावर, जे मी सवलत म्हणून लिहिलं. ते लिहिताना स्वतःच्या मोठेपणावर मी खूश होते, तेही आठवतं.

प्रमुखांनी अहवालाचा मसुदा केला आहे. त्यात असं आहे : ‘प्रक्षेपणपूर्व काळात पंचिंग विभागात झालेल्या त्रुटीमुळे.’ मी तो अडवून ठेवलाय. काय लिहायचं ते तू सांग, मी तेवढ्यासाठी भांडेन. काहीच नको म्हणालीस तर तेही चालेल.

तुझी,
भाची

(लोभाचं काय लिहावं ते सुचत नाही. जसा होता तसा धर.)


३० मार्च

चि. शंकेखोर हिस,

अ. आ.

ती दोन पत्रं फाडलीस ते बरं केलंस. उशीर झाला. सहा आठवडे मी घालवले. त्यातले दोन तुझ्या वाक्याचे धर, चार माझे. तू सगळे स्वतःकडे ओढशील म्हणून आधीच वाटणी करून ठेवते.

माझ्यामुळे उपकरण मेलं हे वाचून काय वाटलं, ते लिहीत नाही. ते माझं मी बघेन. दंतवैद्याने दार हलेपर्यंत वाजवलं होतं, मी उघडलं नाही. मग त्याने दाराशी फुलांची कुंडी ठेवली. त्याला काही सांगितलेलं नाही, पत्र वाचताना जिन्याकडच्या खिडकीतून माझा चेहरा दिसला असेल.

१४ जूनला मी काय करत होते ते पंचांगात शोधलं. काही नोंद नाही. बहुधा वाटाणे सोलत असेन.

आता मसुदा. ‘पंचिंग विभागात’ हे शब्द काढ. त्या खोलीत त्या दुपारी आणखी नऊ जणी होत्या. त्यांच्या बोटांतून एकही भोक चुकीचं पडलं नाही, त्यांना यात का घेता? मोघम लिहिलं की चूक सगळ्यांच्या डोक्यावर थोडी थोडी बसते, आणि जिची आहे ती सुटते. टाचणीच्या वेळी तेच झालं, इंजिनियर सुटला. तुझ्या ऑफिसला माझं नाव झाकायची सवय लागली असेल, मला झाकून घ्यायचं नाही. त्या जागी असं घाल :

‘ही चूक पंचिंग विभागाची नाही. ती एका पंचिंग ऑपरेटरची आहे.’ इथे माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. तेव्हा हजेरीपटावर तेच होतं. तुझ्या सहीखालीही तेच आडनाव आहे, लोक दोन्ही वाचतील आणि तुला अवघड जाईल. जाऊ दे. ‘तक्ता तिनेच पंच केला आणि तिनेच पडताळला, कारण तिचं काम पडताळणाऱ्या ऑपरेटरला दोन महिन्यांपूर्वी, तिची चूक नसताना, कामावरून काढलं होतं.’ इथे टाचणीचंही पूर्ण नाव. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलं आहे, आडनाव तपासून घे, ते नेहमी चुकीचं लिहायचे.

तुझे प्रमुख म्हणतील, पहिला भाग ठेवू, दुसऱ्याचा इथे संबंध नाही. त्यांना सांग, दोन्ही ओळी एकत्र जातील तरच माझी सही. दुसरी गाळायची असेल तर पहिलीही गाळा आणि ‘कारण अज्ञात’ लिहा. त्याची त्यांना सवय आहे.

लोभ आहे. तो पुराव्याशिवाय मान.

तुझी आत्या